पांझरेचे पाणी आणि खंबायतचे आखात



पावसाळ्यात पांझरेला पूर आला म्हणजे धुळ्यातील लहानथोर मंडळी पूर पाहण्यासाठी पुलावर गर्दी करतात. गढूळ पाण्याचा तो लोंढा पाहताना शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला सहज विचारून पाहावे, "बेटा, हे पाणी जाते कोठे?" तो चटकन सांगेल, "तापीत." "आणि तापी कोठे जाते?" "सुरतेला." "आणि सुरतेच्या पुढे?" येथे मात्र बहुतेकांचे उत्तर अडखळते. "समुद्रात," एवढे सांगून मुले मोकळी होतात आणि आपण वडीलधारी माणसेही त्यावर समाधान मानतो.

तो समुद्र कोणता, त्याचा स्वभाव कसा आणि आपल्या खानदेशाशी त्याचे नाते काय, हे थोडक्यात सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. आपण धुळ्याचे लोक स्वतःला समुद्रापासून फार दूरचे समजतो. वास्तविक आपल्या अंगणातून वाहणारे पाणी एका अतिप्राचीन, अतिविख्यात आखातात जाते. त्याचे नाव खंबायतचे आखात. ज्या शहरावरून हे नाव पडले ते शहर आज खंभात म्हणून ओळखले जाते.

प्रथम नकाशा उघडून बसावे. पांझरा साक्री तालुक्यातील डोंगराळ भागातून निघते, धुळ्यापुढे काही अंतर पूर्वेकडे जाते आणि मग उत्तरेकडे वळून मुडावदजवळ तापीला मिळते. तापीचा उगम मध्यप्रदेशातील बैतुल जिल्ह्यात मुलताई येथे. सुमारे ७२४ किलोमीटरच्या प्रवासात ती पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा अशा नद्यांना पोटात घेते आणि सुरतेच्या खाली समुद्रास मिळते. म्हणजे भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर, नंदुरबार या साऱ्या मुलखावर पडलेले पावसाचे पाणी अखेर त्या एकाच दाराने समुद्रात जाते. मालेगावची मोसम गिरणेला मिळते, तेव्हा मालेगावकरही या हिशेबात आलेच.

हे आखात गुजरातची मुख्य भूमी आणि सौराष्ट्र यांच्या मध्ये शिरलेले आहे. दक्षिणेकडे दीव आणि दमण यांच्या दरम्यान त्याचे तोंड जवळजवळ १९० किलोमीटर रुंद आहे. आत सुमारे १३० किलोमीटर जाईपर्यंत ते झपाट्याने अरुंद होत जाते. घरातील रॉकेल ओतण्याचे नरसाळे आडवे धरावे, तसा त्याचा आकार आहे. उत्तरेकडून साबरमती व मही, पूर्वेकडून नर्मदा व तापी, पश्चिमेकडून शेत्रुंजी अशा नद्या त्यात गाळ आणून टाकतात. त्यामुळे तळ उथळ आहे आणि पाण्याखाली वाळूचे दांडे पसरलेले आहेत. हे दांडे एके ठिकाणी राहत नाहीत, प्रवाहाबरोबर सरकतात. काल जेथून जहाज गेले तेथे आज ते अडकू शकते.

या नरसाळ्यात अरबी समुद्राची भरती शिरते तेव्हा काय होत असेल, याची कल्पना विद्यार्थ्यांनी करावी. रुंद तोंडातून शिरलेल्या पाण्याला पुढे जागा अपुरी पडते, म्हणून ते उंच चढते. भावनगरजवळ भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक दहा मीटरांच्याही वर जातो. तीन मजली घराच्या उंचीएवढे पाणी सुमारे सहा तासांत चढते आणि पुढील सहा तासांत उतरते. ओहोटीच्या वेळी खंभातजवळ मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. भारताच्या किनाऱ्यावर इतकी मोठी भरती दुसरीकडे क्वचितच आढळेल.

ही भरती चंद्राच्या हिशेबाने चालते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची म्हणजे कमी जोराची. ज्या चांदावर आपण रमजान आणि ईद ठरवितो, त्याच चांदाच्या चालीवर खंबायतच्या बंदरात जहाज केव्हा आणावयाचे हे ठरत असे. आकाशाचे ज्ञान हा तेथे पोटापाण्याचा प्रश्न होता.

आता इतिहासाकडे वळू. या आखाताच्या उत्तर टोकाजवळ लोथल नावाचे स्थळ आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याचे श्री. एस. आर. राव यांनी १९५५ पासून तेथे उत्खनन केले. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे, हडप्पा संस्कृतीचे नगर तेथे उजेडात आले. भाजक्या विटांनी बांधलेला, सुमारे २१५ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद असा एक मोठा हौद तेथे सापडला. ती जहाजांची गोदी होती असे राव यांचे म्हणणे. काही विद्वान तो पाण्याचा तलाव मानतात. तो वाद बाजूला ठेवला तरी इराणच्या आखातातील बनावटीची एक मुद्रा लोथलला मिळाली आहे आणि अकीकाचे मणी घडविण्याचा कारखानाही सापडला आहे. त्या काळी येथील माणसे समुद्रापलीकडच्या देशांशी देवघेव करीत होती, हे त्यावरून दिसते. आपल्या तापीकाठीही प्राचीन वस्ती होती. नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे आणि जळगाव जिल्ह्यातील गिरणाकाठचे बहाळ येथील उत्खननांत ताम्रपाषाण युगातील लोकांची रंगीत मातीची भांडी मिळाली आहेत.

यानंतर भडोचचा काळ येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसरमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही, परंतु त्याचा अनुभव पक्का होता. नर्मदेच्या मुखावरील भडोचला तो 'बारिगाझा' म्हणतो. येथे येणे किती अवघड आहे हे तो तपशिलाने सांगतो. किनारा सखल असल्याने नदीचे मुख दुरून ओळखू येत नाही. सापडले तरी वाळूच्या दांड्यांमुळे आत शिरता येत नाही. भरती येते तेव्हा दुरून सैन्याचा गलका ऐकू यावा तसा आवाज होतो आणि बेसावध जहाजे उलटून पडतात.

मग एवढ्या लांबून आलेली जहाजे भडोचला पोहोचत कशी? राजाने स्थानिक कोळ्यांना नोकरीस ठेवले होते, असे हा लेखक सांगतो. हे कोळी आपल्या मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परदेशी जहाजाला दांड्यांमधून वाट दाखवीत आणि भरतीच्या वेळा साधून ते टप्प्याटप्प्याने आत आणीत. द्राक्षाची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे घेऊन आलेले श्रीमंत सौदागर भडोचच्या दाराशी आले की एका गरीब कोळ्याच्या हाती जहाज सोपवीत. त्याच्याजवळ धन नव्हते, पण पाण्याची विद्या होती.

याच पुस्तिकेत आपल्या महाराष्ट्राचाही उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर, अशी शहरे लेखक नोंदवितो. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून सुती कापड गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येत असे. पैठण आणि भडोच यांच्या मध्ये सह्याद्रीच्या रांगा आणि तापीचे खोरे आहे, हे नकाशावर पाहिले म्हणजे त्या गाड्यांची वाट कोणत्या बाजूने जात असावी, याचा अंदाज विद्यार्थ्यांना स्वतःच बांधता येईल.

त्यानंतरच्या शतकांत अरब आणि इराणी खलाशी या आखातात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. उन्हाळ्याच्या अखेरीस वारे नैर्ऋत्येकडून वाहतात आणि हिवाळ्यात ईशान्येकडून उलट वाहतात, हे ज्ञान त्यांच्या व्यापाराचा पाया होते. अरबी भाषेत ठराविक हंगामाला 'मौसिम' म्हणतात. आपण मराठीत 'मोसमी वारे' म्हणतो, तो शब्द तेथूनच आला.

बगदादचा सुप्रसिद्ध प्रवासी व इतिहासकार अल मसऊदी हिजरी ३०३ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास, खंबायतला आला. खंबायतच्या पादत्राणांची त्या काळी दूरवर ख्याती होती. आखाताच्या दोन्ही काठांवर गावे, शेते, बागा आहेत आणि त्यांत मोर व पोपट आहेत, असे वर्णन त्याने केले आहे. भरतीचा एक प्रसंगही तो सांगतो. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर एक कुत्रा होता. भरतीचे पाणी येताना पाहून तो जीव घेऊन किनाऱ्याकडे धावला, पण पाण्याने त्यास गाठले आणि तो बुडाला. त्या वेळी खंबायतवर मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजाच्या वतीने एक ब्राह्मण अधिकारी कारभार पाहत होता. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याच्या काळात कोरले गेले तेच हे राष्ट्रकूट. हा अधिकारी आपल्या शहरात येणाऱ्या मुसलमान आणि इतर धर्मांच्या लोकांशी आवडीने चर्चा करीत असे, असे मसऊदीने लिहून ठेवले आहे.

दुसरी हकीकत मुहम्मद औफी याने 'जवामिउल हिकायात' या तेराव्या शतकातील फारसी ग्रंथात दिली आहे. अनहिलवाड पाटणच्या राजा जयसिंहाच्या कारकीर्दीत खंबायतला दंगा झाला. मशीद जाळली गेली, मीनार पाडला गेला, ऐंशी माणसे मारली गेली. मशिदीचा खतीब अली दाद मागण्यास पाटणला गेला, परंतु दरबारी लोकांनी त्याला राजापर्यंत पोहोचू दिले नाही. अखेर राजा शिकारीस निघाला असताना खतीबाने त्याला वाटेत गाठले आणि आपली फिर्याद त्या देशाच्या भाषेत पद्यात लिहून त्याच्या हाती दिली. राजाने तीन दिवस कोणास भेटणार नाही असे जाहीर केले, सांडणीवर बसून गुपचूप खंबायत गाठले, व्यापाऱ्याच्या वेषात बाजारात फिरून चौकशी केली आणि परतताना समुद्राचे पाणी घागरीत भरून आणले. दरबारात खतीबाला खोटे पाडण्याचा प्रयत्न होताच राजाने ते खारे पाणी मंत्र्यांना चाखावयास दिले आणि आपण स्वतः जाऊन खात्री करून आलो आहोत, असे सांगितले. अपराध्यांना शिक्षा झाली आणि मशीद व मीनार पुन्हा बांधण्यासाठी एक लाख नाणी देण्यात आली. औफी स्वतः खंबायतला काझी होता. तेथील लोकांकडून ऐकलेली ही हकीकत त्याने जपून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. खतीब अलीलाही राजाच्या मुलखाची भाषा येत होती, म्हणून त्याची फिर्याद राजाला समजली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे खंबायत दिल्लीच्या सुलतानांकडे गेले. तेथील जामा मशीद १३२५ सालची असून ती आजही उभी आहे. खंबायतचे कारागीर संगमरवरावर इतके सुंदर कोरीव काम करीत की त्यांनी घडविलेले कबरीचे दगड जहाजांतून सुमात्रा आणि जावा बेटांपर्यंत गेले. ते आजही तेथे पाहावयास मिळतात.

१३४२ साली सुलतान मुहम्मद तुघलकाने इब्न बतूता यास वकील म्हणून चीनकडे पाठविले. हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादहून खंबायतकडे जाताना आपल्या नंदुरबारला मुक्कामास होता! नंदुरबारात मराठे लोक राहतात, ते कारागिरीत निपुण आहेत, वैद्यक आणि ज्योतिष जाणतात आणि तिळाचे तेल खातात, असे त्याने लिहिले आहे. खंबायत हे त्याला अत्यंत सुंदर शहर वाटले. तेथील बहुतेक रहिवासी परदेशी व्यापारी होते आणि त्यांनी मोठमोठे वाडे व मशिदी बांधल्या होत्या. ओहोटीला चिखलात बसलेली आणि भरती येताच तरंगू लागलेली जहाजे पाहून त्यालाही नवल वाटले.

फारुकी घराण्याने थाळनेर आणि पुढे बुऱ्हाणपूर येथून खानदेशावर राज्य केले. त्यांच्यानंतर १६०१ मध्ये हा मुलूख अकबराच्या ताब्यात आला. तोपर्यंत तापीच्या मुखावरील सुरत हे मोठे बंदर झाले होते. सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोगल काळातील मोठा राजरस्ता. सतराव्या शतकाच्या आरंभी या वाटेने गेलेल्या इंग्रज प्रवाशांच्या नोंदींत नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर ही आपल्या परिचयाची गावे भेटतात. उत्तरेकडचा आणि दख्खनचा माल या वाटेने आखाताकडे जाई, आणि हजला निघालेले यात्रेकरूही सुरतेला येऊन जहाजात बसत. सुरतेला लोक मक्केचे द्वार म्हणत. बाबर बादशहाची कन्या गुलबदन बेगम ही इतर स्त्रियांसह १५७६ साली सुरतेहूनच हजला गेली आणि १५८२ मध्ये फत्तेपूर सिक्रीला परतली. पुढे तिने आपला भाऊ हुमायून याच्या आयुष्याविषयी फारसीत ग्रंथ लिहिला. आपल्या मुलींना ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता या साऱ्या हकीकतीतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब सांगतो. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरील माणसांची यादी दिली आहे. जहाजाचा मुखत्यार तो नाखुदा. त्याच्या खालोखाल जो येतो, त्याचे नाव 'मुअल्लिम'. समुद्राची खोली आणि उथळ जागा ओळखणे, ताऱ्यांचे ज्ञान असणे आणि जहाजाला धोक्यातून सुखरूप नेणे हे त्याचे काम. गुजरातच्या खलाशांत याच शब्दाचा 'मालम' झाला. परंतु मुअल्लिम या अरबी शब्दाचा मूळ अर्थ काय? शिक्षक! मदरशात शिकविणारा तो मुअल्लिम आणि जहाजाला वाट दाखविणारा तोही मुअल्लिमच. मालाचा धनी कोणीही असो, उथळ पाण्यात सर्वांचा जीव त्या एकाच्या इल्मवर अवलंबून असे.

मग असे वैभवशाली बंदर गेले कोठे? खंबायतवर कोणी एका दिवसात घाला घालून ते बुडविले नाही. ते हळूहळू गाळाने भरले. अबुल फजलच्या वेळीच मोठी जहाजे समोरच्या घोघा बंदरात थांबत आणि माल लहान होड्यांतून खंबायतला आणावा लागे. पुढे मोठी जहाजे सुरतेकडे वळली आणि नंतरच्या काळात व्यापार मुंबईकडे गेला. दरवर्षी थोडा थोडा गाळ साचत गेला. कोणत्याही एका वर्षी तो फारसा वाटला नसेल, परंतु शेवटी ज्या बंदरात चहूंकडचे सौदागर येत, तेथे चिखल उरला.

समुद्र मात्र तोच आहे आणि भरतीही तीच आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर अलंग येथे १९८३ पासून जुनी जहाजे तोडण्याचे काम चालते. उधाणाच्या भरतीवर प्रचंड जहाजे थेट किनाऱ्यावर चढवितात आणि ओहोटीत ती कोरडी पडतात. ज्या भरतीची इब्न बतूताला गंमत वाटली, तिचाच हिशेब मांडून आजचे शिकलेले लोक आपली उपजीविका करतात.

पालकहो, आपल्या धुळ्यात यंत्रमागांवर राबून घर चालविणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. परंतु घरात तंगी आली म्हणून आठवी-नववीत मुलाची शाळा सोडवून त्याला मागावर बसविणे, किंवा शिकून काय करावयाचे म्हणून हुशार मुलीला घरी ठेवणे, हा त्या गाळातलाच एक थर आहे. एका घरात, एका वर्षी तो फारसा जाणवत नाही. "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू," असे आपण म्हणतो. पण अशी चार-दोन वर्षे गेली की मोठी जहाजे दुसऱ्या बंदराकडे वळतात. नोकऱ्या, कॉलेजातील जागा, सरकारी परीक्षा, सारे दुसरीकडे जाते आणि आपण किनाऱ्यावर उभे राहून नशिबाला दोष देतो. गाळ वेळीच उपसणे हाच त्यावर उपाय आहे, आणि शाळा हे गाळ उपसण्याचेच काम करीत असते.

विद्यार्थी मित्रहो, भूगोल आणि गणित हे रटाळ विषय आहेत अशी तुमची तक्रार असते. भडोचच्या कोळ्याने भरतीची वेळ चुकविली असती, मुअल्लिमाने ताऱ्याचा हिशेब चुकविला असता, तर शेकडो माणसे बुडाली असती. त्यांचा भूगोल आणि त्यांचे गणित हे असे होते. खतीब अलीसारखी आपल्या प्रांताची भाषा उत्तम शिका. उर्दू जपा आणि मराठीही चांगली लिहा, म्हणजे तुमची फिर्याद आणि तुमचे गुण दोन्ही योग्य ठिकाणी पोहोचतील. आपल्या दीनमध्येही पहिली आज्ञा पढण्याचीच झाली, हे तुम्हांस ठाऊक आहेच.

पुढच्या पावसाळ्यात पांझरेला पूर येईल तेव्हा वडिलांनी मुलामुलींना पुलावर अवश्य न्यावे. हे पाणी मुडावदला तापीत जाते, सुरतेखाली आखातात जाते आणि तेथे चंद्राच्या हुकमाने दिवसातून दोनदा चढते-उतरते, असे त्यांना सांगावे. कोणी विचारले, "अब्बा, तुम्ही तो समुद्र पाहिला आहे का?" तर नसल्यास तसे प्रांजळपणे कबूल करावे आणि एखाद्या सुट्टीत त्यांना सुरतेच्या गाडीत बसवावे. धुळ्याहून निघालेले पाणी तेथवर पोहोचते. आपली मुलेही पोहोचावीत, हीच अल्लाहपाशी दुआ.